पट्टीवर उरलेला नाच

१९३८ साली जर्मनीत 'डेर टीगर फॉन एश्नापूर' म्हणजे 'एश्नापूरचा वाघ' नावाचा बोलपट झळकला. दिग्दर्शक रिचर्ड आयशबर्ग. कुठल्याही नकाशावर न सापडणारे एक हिंदुस्थानी संस्थान, तिथला महाराजा, प्रियकराबरोबर पळून जाणारी राणी, असा सगळा मसाला. राणीच्या भूमिकेत ला जाना ही युरोपात नावाजलेली नर्तकी. कथा आज कोणी आवडीने बघेल अशी नाही. पण या चित्रपटात नाचणारी एक मंडळी अस्सल इथली आहे, आणि तिच्यासाठी तो पुन्हा पुन्हा लावून बघावा. ती मंडळी मुंबईहून गेली होती. 'मेनका बॅले' या नावाने तिने दोनेक वर्षे युरोप पालथा घातला होता.

मेनका म्हणजे लीला सोखी, माहेरच्या रॉय. जन्म १८९९ चा, बारिसालचा. वडील बंगाली बॅरिस्टर, आई इंग्रज. लग्न झाले साहिबसिंग सोखी यांच्याशी. हे सोखी मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत होते आणि १९३२ मध्ये त्या संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. प्लेगाच्या लसीवर काम करणाऱ्या या शास्त्रज्ञाच्या पत्नीने सार्वजनिक रंगमंचावर कथक करायचे ठरवले, तेव्हा सभ्य घरातल्या बाईने नाचणे म्हणजे घराण्याच्या नावाला काळिमा असे मानणारा समाज भोवती होता. मेनकांनी लखनौच्या गुरूंना मुंबईला बोलावून घेतले. कथकबरोबर कथकळी आणि मणिपुरी या शैलींचेही जाणकार त्यांच्याकडे आले. १९३४ मध्ये 'कृष्णलीला', पुढच्या वर्षी 'देवविजय नृत्य' अशी नृत्यनाट्ये उभी राहिली. एकट्या नर्तकीने बैठकीत रंगवायचा कथक त्यांनी अनेक पात्रांत वाटला, त्याला कथानक दिले आणि पडदा उघडून बंद होईपर्यंतच्या आटोपशीर वेळेत बसवला. १९३६ च्या उन्हाळ्यात, ऑलिंपिकच्या तोंडावर, बर्लिनला झालेल्या आंतरराष्ट्रीय नृत्यमहोत्सवात मंडळीचा गौरव झाला. महोत्सव गोबेल्सच्या प्रचार खात्याच्या छत्राखालचा होता. त्या काळाचे चित्रण बघताना ही गोष्ट डोळ्याआड करून चालत नाही.

हिंदुस्थानी नृत्याकडे वळायचे बळ मेनकांना कोणी दिले? हा धागा थेट रशियन बॅलेपर्यंत जातो. आना पावलोवा १९२२-२३ च्या हिवाळ्यात आणि पुन्हा १९२८-२९ मध्ये हिंदुस्थानात आली होती. इथले नृत्य बघायचे आहे म्हणून ती शोधत राहिली. मेनकांना तिने प्रोत्साहन दिले. लंडनमध्ये चित्रकला शिकणाऱ्या उदय शंकर यांना तिने आपल्या मंडळीत घेतले, आणि १९२३ च्या सप्टेंबरात कोव्हेंट गार्डनच्या रंगमंचावर दोघे राधा-कृष्ण म्हणून उभे राहिले. त्याच सुमारास तिने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून सुचलेला एक बॅलेही रंगमंचावर आणला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मुंबईत तिचा प्रयोग बघितला. पुढे ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या बोटीवर दोघींची गाठ पडली, आणि आपल्या देशाचे नृत्य शोध, असे पावलोवाने त्यांना सुचवले. विसाव्या शतकातल्या भारतीय नृत्याच्या तीन मोठ्या वाटा अशा एका रशियन नर्तकीच्या ओळखीतून जातात. म्हणून पावलोवाचे चित्रण मराठी रसिकाला परके वाटायचे कारण नाही.

तिचे चित्रण आहे, आणि ते बघण्यासारखे आहे. १९२४-२५ च्या सुमारास हॉलिवूडमध्ये डग्लस फेअरबँक्सच्या स्टुडिओत तिने आपली काही छोटी नृत्ये कॅमेऱ्यापुढे केली. मिखाईल फोकिनने रचलेला 'मरणारा हंस' त्यातच आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याची बहुतेक वेळा निराशा होते. बाई तुरुतुरु पळते, हात फडफडतात, सगळे जरा घाईचे आणि थोडे हास्यास्पदही वाटते. हीच का ती, जिच्यासाठी लोक रडत असत?

दोष तिचा नाही. मूकपटाच्या काळात कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवत. सेकंदाला साधारण सोळा ते वीस चित्रे पडत, आणि मूठ फिरवणाऱ्याच्या हातावर हा आकडा कमीजास्त होई. बोलपट आल्यावर आवाज पट्टीवर छापायचा म्हणून वेग एकच ठरवावा लागला, सेकंदाला चोवीस चित्रे. सोळाच्या वेगाने टिपलेली पट्टी चोवीसच्या यंत्रावर चढवली की माणसे दीडपट वेगाने हलतात. चार्ली चॅप्लिनला ते खपून जाते. नर्तकीचा मात्र त्यात बळी जातो.

हा घोळ घरबसल्या पकडता येतो. नर्तकाने जमिनीपासून अर्धा मीटर उंच उडी घेतली तर तो सुमारे ०.६४ सेकंद हवेत राहतो. हे गुरुत्वाकर्षणाचे गणित आहे. पावलोवा असो की शाळेतला पोरगा, त्यात फरक पडत नाही. सेकंदाला सोळा चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्यात त्या उडीची दहा चित्रे येतात. तीच दहा चित्रे चोवीसच्या वेगाने दाखवली की उडी ०.४२ सेकंदांत संपते, म्हणजे पृथ्वीची ओढ सव्वादोन पट वाढल्यासारखी. नर्तकी दगडासारखी खाली येते. नर्तकाची सारी कमाई हवेत क्षणभर रेंगाळल्याचा भास निर्माण करण्यात असते आणि तीच इथे पुसली जाते. म्हणून जुने चित्रण समोर आले की आधी एखादी उडी बघावी, नाहीतर खाली सुटलेला पदर किंवा पडणारे फूल बघावे. ते नैसर्गिक पडत असेल तर वेग बरोबर आहे. नसेल तर यंत्रावरचा वेग कमी करावा. हल्ली ही सोय प्रत्येक मोबाइलमध्ये आहे.

वेग उतरवला की 'मरणारा हंस' वेगळाच दिसतो. पंजांच्या टोकांवरची बारीक पावले सरळ रेषेत वाहतात, धडावर त्यांचा हिसका अजिबात उमटत नाही. खांद्यापासून निघालेली लाट कोपर, मनगट, बोटे अशी सरकत जाते. आजच्या मापाने तिचे पाय फार उंच जात नाहीत, गिरक्याही साध्या आहेत. आताच्या कितीतरी मुली तांत्रिकदृष्ट्या तिच्या पुढे असतील. पण पाठीतून मान खाली जाताना ती जो वेळ घेते तो मोजून बघण्यासारखा आहे. त्यासोबत ऐकू येणारे संगीत मात्र मागाहून जोडलेले असते. तेव्हा पाऊल आणि सूर यांचा मेळ बसला नाही म्हणून तिला बोल लावणे अन्यायाचे.

पावलोवाचे नशीब चांगले म्हणायचे, कारण तिच्याइतकाच गाजलेला वास्लाव निजिन्स्की नाचताना कुठेच टिपला गेलेला नाही. त्याचे छायाचित्रांतले सौंदर्य आणि त्याच्या उड्यांच्या दंतकथा, एवढ्यावरच भागवावे लागते. त्याच्या मंडळीचे सर्वेसर्वा दियागिलेव यांना नाच पट्टीवर उतरवणे मान्यच नव्हते. तंत्र कच्चे असताना चुकीचे काही मागे राहण्यापेक्षा काहीच नको, हा विचार कलावंताचा म्हणून समजण्यासारखा आहे, पण त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. २०११ मध्ये ब्रिटिश पाथेच्या वृत्तपटांत १९२८ च्या जूनमधली, स्वित्झर्लंडमधल्या मोंत्रो गावच्या फुलांच्या उत्सवातली, जेमतेम अर्ध्या मिनिटाची एक पट्टी ओळखली गेली. दियागिलेवच्या मंडळीचे सापडलेले चित्रण ते एवढेच, आणि तोवर निजिन्स्कीने मंडळी सोडून बरीच वर्षे लोटली होती.

त्याहून जुनी आणि विलक्षण गोष्ट अलेक्सांद्र शिर्यायेवची. हा पीटर्सबर्गच्या मारिन्स्की रंगमंदिरातला नर्तक. १९०० नंतरच्या काही वर्षांत त्याने एक छोटा कॅमेरा मिळवला आणि रंगमंदिरातले बॅले टिपायची परवानगी मागितली. सरकारी व्यवस्थापनाने नकार दिला. मग त्याने घरी वीतभर उंचीच्या, तारेच्या सांगाड्याच्या बाहुल्या बनवल्या. १९०६ ते १९०९ या काळात तो त्या बाहुल्या केसभर हलवायचा, एक चित्र घ्यायचा, पुन्हा हलवायचा. असे अख्खे नाच त्याने उतरवले. गंमत म्हणून केलेला हा खेळ नव्हता. नृत्यरचना शिकलेल्या माणसाने पावलापावलाचा हिशोब तिथे मांडला आहे; जाणकाराला बाहुलीच्या पायांवरून मूळ नाच वाचता येतो. कित्येक दशके या पट्ट्या अंधारात राहिल्या आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस चित्रपट-अभ्यासक व्हिक्टर बोचारोव्ह यांनी त्या उजेडात आणल्या. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने जपलेल्या कळसूत्री बाहुल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना बाहुलीच्या अंगात माणसाची चाल कशी उतरते हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे हाच प्रवास उलट दिशेनेही झाला. १९५२ मध्ये मुंबईत 'लिटल बॅले ट्रूप' काढणाऱ्या शांती बर्धन यांनी 'रामायण' असे बसवले की माणसेच कळसूत्री बाहुल्या होऊन नाचत. बर्धन १९५४ मध्ये क्षयाने गेले. मंडळी पुढे ग्वाल्हेरला आणि नंतर भोपाळला गेली, आणि 'रामायण' त्यांच्या मागे कितीतरी वर्षे नाचले गेले, शरीराकडून शरीराकडे जात.

शरीरांची ही साखळी तुटली की काय होते, याचे उत्तर तंजावरला मिळते. मालवणच्या परिसरात जन्मलेले आचार्य पार्वतीकुमार, मूळचे महादेव कांबळी, मुंबईत नृत्यनाट्ये बसवणारे म्हणून आधी नावारूपाला आले. पुढे त्यांनी तंजावरच्या सरफोजीराजांच्या मराठी नृत्यरचना हाती घेतल्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा हा मराठी राजा नर्तकींसाठी मराठीत 'निरूपणे' लिहीत असे. शब्द हस्तलिखितांत शाबूत होते, नाच कुठेच नव्हता. पार्वतीकुमारांनी भरतनाट्यमच्या व्याकरणातून तो पुन्हा घडवला आणि सुचेता भिडे-चापेकर यांच्यासारख्या शिष्यांना दिला. हे काम मोठेच आहे. तरी सरफोजींच्या दरबारातली नर्तकी नेमकी कशी वळत होती हे कागद सांगत नाही. शिर्यायेवच्या बाहुलीत पावले आहेत, पण नाचणाऱ्याचा श्वास नाही. सरफोजींच्या पोथीत बोल आहेत, पावले नाहीत. पावलोवाच्या पट्टीत श्वास आहे, पण काळ आणि सूर वाकडे झाले आहेत. जुने नृत्य बघणाऱ्याला हाती आलेल्या ऐवजात काय गळून पडले आहे ते आधी ओळखावे लागते. मग उरलेल्याची खरी किंमत कळते.

मेनकांच्या मंडळीच्या बाबतीत गळाले ते संदर्भ. कथापटात नाच आला की कॅमेरा कथेचा नोकर होतो. नाच चालू असताना मध्येच सिंहासनावरचा राजा दाखवायचा, चेहऱ्यावरचा संशय दाखवायचा, आणि परत येईपर्यंत चार आवर्तने निघून गेलेली. तोडा सुरू झालेला दिसतो आणि सम दिसतच नाही. त्यातही दिग्दर्शकाला हवा होता तो जर्मन प्रेक्षकाच्या मनातला गूढ पूर्व देश. त्यासाठी खऱ्या कथक नर्तकांना त्याने महालाच्या शोभेत बसवून टाकले. तरीही नर्तकाचे शिक्षण लपत नाही. अशा चित्रपटात चेहऱ्याकडे न बघता पावलांकडे, आणि पावले चौकटीबाहेर असतील तर खांद्यांकडे बघावे. तत्कार पक्का असलेल्या नर्तकाचे खांदे शांत असतात; कमरेखाली वादळ आणि वर दिवा ठेवला तरी हलणार नाही इतके स्थैर्य. शिकून आलेला 'पूर्वेकडचा' नाच आणि अंगात मुरलेला नाच यांतला फरक तिथे लगेच कळतो, आणि या एकाच चित्रपटात दोन्ही बघायला मिळतात.

युरोपातून परतल्यावर मेनकांनी खंडाळ्याला 'नृत्यालयम्' चालवले. घाटमाथ्यावरच्या त्या शाळेत कथक, कथकळी आणि मणिपुरी एकाच आवारात शिकवले जाई. शिरीन वजिफदार तिथूनच पुढे आल्या. १९४७ च्या मे महिन्यात मेनका गेल्या, पन्नाशीही गाठली नव्हती. त्यांचे काम पुढे नेणाऱ्यांत ठळक नाव दमयंती जोशी यांचे. मुंबईच्या मराठी घरातली ही मुलगी लहानपणापासून मेनकांच्या सहवासात वाढली, त्यांच्या मंडळीत नाचली, आणि स्वतंत्र भारतात कथकची आघाडीची कलावती झाली. १९६८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७० मध्ये पद्मश्री. फिल्म्स डिव्हिजनने त्यांच्यावर माहितीपट केला. तो आणि जर्मन चित्रपटातले नाच लागोपाठ बघावेत, असे सुचवावेसे वाटते. गुरूकडून शिष्येकडे काय आले आणि काय बदलले, ते पुस्तकातून कळण्यापेक्षा असे बघून लवकर कळते.

कॅमेरा परक्याच्या हाती गेला तर नाच हरवतो, हे उदय शंकर यांनी नेमके ओळखले होते. १९४८ मध्ये त्यांनी स्वतः 'कल्पना' दिग्दर्शित केला, मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत. नायक तेच, सोबत अमला शंकर. चित्रपटाचा वेग मोठा आहे, तेव्हा लक्ष देऊन बघा, अशी विनंती ते सुरुवातीलाच प्रेक्षकांना करतात, आणि ती खरीच आहे. एक नाच संपेपर्यंत दुसरा सुरू झालेला असतो. माणसे यंत्राचे सुटे भाग होऊन हलतात तो कामगार आणि यंत्रांचा नाच रंगमंचावर असा दिसलाच नसता. कॅमेऱ्याचा कोन, सावली, कापाकापी हे सगळे इथे नृत्यरचनेत धरलेले आहे. तिकीटबारीवर चित्रपट आपटला. त्यांच्या अल्मोड्याच्या केंद्रात शिकलेला एक तरुण तोवर पुण्यात येऊन 'प्रभात'च्या 'हम एक हैं'ची नृत्ये बसवून गेला होता. तो गुरुदत्त. गाणे पडद्यावर कसे हलवायचे याची त्याची जाण कुठून आली असावी, याचा विचार 'कल्पना' बघताना मनात येतोच.

'कल्पना' आज बघायला मिळतो याचे श्रेय पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेकडे जपलेल्या प्रतींवरून इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्याची डागडुजी झाली आणि २०१२ मध्ये कान महोत्सवात तो पुन्हा दाखवला गेला. हे सुदैव सर्वांच्या वाट्याला येत नाही. १९५० च्या सुमारापर्यंत चित्रपट नायट्रेटच्या पट्टीवर छापले जात. ही पट्टी भडकन पेट घेते आणि नाही पेटली तरी आपसूक कुजते. २००३ च्या जानेवारीत पुण्यात अशाच पट्ट्यांना आग लागली आणि जुन्या भारतीय चित्रपटांचा मोठा ठेवा गेला.

बॅलेच्या बाबतीत रशियन आणि इंग्रज मंडळींनी पुढे कॅमेऱ्याशी जुळवून घेतले. १९५६ मध्ये बोल्शोय मंडळी पहिल्यांदा लंडनला आली तेव्हा पॉल झिनर यांनी एकापेक्षा अधिक कॅमेरे लावून प्रयोग टिपला, म्हणजे नाच तुकड्यातुकड्यांनी करायची वेळ नर्तकांवर आली नाही. त्यात गालिना उलानोवा 'जिझेल' नाचते. वय ४६, भूमिका खेड्यातल्या कोवळ्या मुलीची. जवळून घेतलेल्या दृश्यात चेहऱ्यावरचे वय लपत नाही. कॅमेरा मागे सरला, पूर्ण अंग दिसू लागले, की ती मुलगी समोर असते. नृत्याच्या चित्रणात डोक्यापासून पायापर्यंतची चौकट का हवी, याचा याहून चांगला पुरावा देता येणार नाही.

हा धडा आता कोकणातल्या जत्रांमध्येही लागू पडतो. मालवणजवळच्या कट्टा गावाच्या आसपास कार्तिक-मार्गशीर्षात दशावताराचे प्रयोग रात्ररात्र चालतात, आणि समोर आता दहा-वीस मोबाइल उगारलेले असतात. दशावताराला लिखित संहिता नसते. नाईकाने कथा सांगितली की पात्रे संवाद जागच्या जागी रचतात, त्यामुळे कालचे भाषण आज होत नाही. अशा कलेचे चित्रण नाटकाच्या चित्रणाहून मोलाचे. पण चित्रण करणारा बहुधा राजापार्टाच्या चेहऱ्यावर नाहीतर स्त्रीपार्टाच्या साजशृंगारावर झूम करतो. लढाईचा नाच सुरू होतो तेव्हाही चौकट कमरेपर्यंतच राहते आणि गिरकी कुठल्या पायावर घेतली ते कायमचे जाते. एक तरी मोबाइल तिवईवर स्थिर ठेवून संपूर्ण रंगमंच टिपावा, त्यावरच्या बाकड्यासकट. बाजूला बसलेले पायपेटीवाले, पखवाजवाले आणि झांजवाले त्या चौकटीत आलेच पाहिजेत. पखवाजावर पडणारा हात दिसत असेल तर आवाज मागेपुढे झाला तरी पाऊल आणि थाप यांचा मेळ पुढे कधीही लावता येतो. आणि चित्रणाच्या आरंभी मंडळाचे नाव, गाव, तारीख, आख्यान आणि पात्रे कोणी केली, एवढे तोंडी बोलून ठेवायला अर्धा मिनिट पुरतो.